बिननावाचा डबा

नमस्कार. या सदरातले अनुभव मी दोन-तीन वर्षं वाचतेय, पण लिहायची ही पहिलीच वेळ... काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. अमक्या झाडाखालून दुपारी बाराला जाऊ नको, तमक्या बाईसमोर जेवू नको — हे ऐकतच मी मोठी झाले. कॉलेजात मानसशास्त्र घेतल्यावर तर मी त्या सगळ्याला एकेक इंग्रजी नाव देऊन मोकळी झाले होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे आपल्याला जरा जास्तच कळतं असं वाटायचं. हे आधीच कबूल करते, कारण पुढे जे बिघडलं ते त्याच्यामुळेच बिघडलं.

आम्ही मूळचे चिरनेरजवळच्या एका गावातले. २०११ च्या जूनमध्ये मला पनवेलच्या कॉलेजात अॅडमिशन मिळाली. रोज एसटीने जाऊन-येऊन करणं जमेना, म्हणून बाबांनी विचुंब्याला एका नव्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने फ्लॅट घेतला. बाबा कंटेनर यार्डात कामाला, बारा-बारा तासांची पाळी. मी सकाळी साडेसहाला निघायचे आणि शेअर रिक्षाने दोन-अडीचला परत. म्हणजे घर बदललं ते माझ्यासाठी, पण त्या घरात दिवसभर राहणार होती आई.

बिल्डिंग तळमजला आणि वर चार मजल्यांची, वीस फ्लॅट. एका बाजूला पडीक भातशेत, दुसऱ्या बाजूला अर्धवट सोडलेली इमारत — नुसते खांब आणि वर आलेल्या गंजक्या सळ्या. विसांपैकी राहते फ्लॅट तीन. तळमजल्यावर काळे काका-काकू, दोघंही मुंबईला ऑफिसात, सातला बाहेर आणि रात्री आठला घरी. पहिल्या मजल्यावर दोन मुलं, शिफ्टची नोकरी, कधी असायची कधी नसायची. आणि आम्ही. बाकीच्यांनी फ्लॅट घेऊन ठेवले होते, राहायला कोणी आलं नव्हतं. दुपारी त्या जिन्यात उभं राहिलं की स्वतःच्या चपलेचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन परत खाली यायचा.

गावात आमचं दार दिवसभर उघडं. दुपारी ओटीवर चार बायका बसायच्या. कुणी सुकट निवडतंय, कुणी तांदूळ, आणि तोंडं चाललेली. आईने इथेही पहिले काही दिवस दार उघडं ठेवलं. मग काळे काकूंनीच काळजीने सांगितलं की वहिनी, एकट्या असता, सेफ्टी डोअर लावत जा. त्यांचं चुकलं नव्हतं. आईने दार लावलं.

पुढचं दीड वर्ष मी थोडक्यात सांगते, कारण ते थोडं-थोडं करतच झालं. आधी आईचं गाणं गुणगुणणं थांबलं. मग कालवण रोजचं एकच झालं. मग मी दोनला घरी आले की ती सकाळच्याच जागी, खिडकीशी, बसलेली असायची. समोर सळ्या. मी विचारलं काय बघतेस, तर म्हणायची, "कोनी कपडे वाळत घालतंय का बघते." त्या इमारतीला भिंतीच नव्हत्या. केस विंचरायचे राहू लागले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, शक्तीच्या गोळ्या दिल्या. सगळं नॉर्मल होतं.

दुसऱ्या वर्षाला मला प्रोजेक्ट मिळाला — राहत्या परिसराचा मनावर होणारा परिणाम. वीस प्रश्नांचा फॉर्म होता. पहिला फॉर्म मी घरीच भरून घेतला. प्रश्न चौथा : तुम्ही किती शेजाऱ्यांना नावाने ओळखता? आईने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "शून्य लिव." गावात ती तीनशे माणसांना नावाने ओळखायची. मी शून्य लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

आणि मग जानेवारी २०१३ मध्ये, संक्रांतीच्या आसपास, मी दुपारी घरी आले तर आईची वेणी घातलेली! ओट्यावर स्टीलचा एक झाकणाचा डबा होता, त्यात वालाचं बिरडं.

"वरच्या बाईनं दिलाय," आई म्हणाली.

मी विचारलं, वर कोण आलंय राहायला? नाव काय? तर म्हणे पयल्याच दिवशी नाव कसं इचारायचं, बरं नाय दिसत. दारावर टकटक झाली, उघडलं तर उंबऱ्याबाहेर डबा, आणि पावलं वर चढत होती. जिन्याच्या वळणावर साडीचा काठ तेवढा दिसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बिरडं ही पटकन होणारी गोष्ट नाही. वाल भिजवायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, मग गरम पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. दोन दिवसांचं काम. आई डब्याकडे बघत म्हणाली, "एकटी बाई येवढे वाल सोलत बसली गो. आपल्यासाठी." तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी दीड वर्षात पाहिलं नव्हतं.

आम्ही तिघांनी ते खाल्लं. चव छान होती, फक्त मीठ अजिबात नव्हतं. बाबा म्हणाले, "बाईला बीपी असेल." आईने वरून मीठ घातलं.

मग आईला एक गोष्ट खटकली. तिने डबा उलटा करून बघितला, झाकण बघितलं. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असतं. भांडी या घरातून त्या घरात फिरत असतात, आपलं कुठलं ते कळायला हवं ना. आमच्या सगळ्या डब्यांवर बाबांचं नाव आहे, टिंबा-टिंबांच्या अक्षरात. हा डबा मात्र कोरा होता.

"बिननावाचा हाय," आई म्हणाली. "हिचा डबा कधी कोनाकडे गेलाच नसेल."

दुसऱ्या दिवशी डबा परत गेला. रिकामा अर्थातच नाही. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही — हे तुमच्याकडेही असेल. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि गूळ दिला, कारण ती बाई मासे खाते की नाही ते माहीत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताच्या दाराशी डबा ठेवून आली, पावलं तिथेच थांबली होती म्हणे. चार दिवसांनी तो परत आमच्या दाराशी, भरलेला. कधी घावन, कधी लाल भोपळ्याची भाजी. सगळं अळणी.

असे दोन महिने गेले. आई बाजारात जाऊ लागली, पडदे धुतले. एकदा मी लवकर आले तर ती जिन्याच्या पायरीवर भाजी निवडत बसली होती आणि वर तोंड करून बोलत होती. आमच्या आजीच्या शेवटच्या आजारपणाबद्दल, मला कधी न सांगितलेलं. मी आल्यावर थांबली. मी विचारलं, ती काय म्हणते? "बोलत नाय. आयकते," आई म्हणाली.

मला आनंदच झाला होता, हे खरं सांगते. मार्चमध्ये मला प्रोजेक्टसाठी एक फॉर्म कमी पडत होता. म्हटलं वरच्या काकूंचा भरून घेऊ, ओळखही होईल. दुपारी तीनच्या सुमारास वर गेले.

तिसऱ्या मजल्यावर चार दारं, चारही बंद. डावीकडच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि कुलपावर धूळ इतकी की किल्लीचं भोक बुजलेलं. हँडलवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. मी बेल दाबली. वाजली नाही. खाली येऊन वॉचमनला विचारलं, तर तो हसला. म्हणाला, ३०४चा मालक कुवेतला असतो, पझेशन घेतलं आणि कुलूप लावून गेला, मीटरसुद्धा बसवलेला नाही. मी मीटररूममध्ये जाऊन पाहिलं. ३०४च्या जागी नुसत्या वायरी होत्या.

पहिला विचार काय आला असेल माझ्या मनात? आईच. आईच सगळं करतेय... स्वतःच बनवते, स्वतःच ठेवते आणि तिला ते आठवतही नाही. मी पुस्तकं काढून बसले. जिन्याशी बोलणारी आई, न दिसणारी बाई, सगळं त्यात बसत होतं. नव्हता बसत तो फक्त डबा. तो आमचा नव्हता. आणि आमच्या घरात वाल आणलेच गेले नव्हते. पण मी ते बाजूला ठेवलं. कॉलेजातल्या आमच्या मॅडमना विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की आधी ऐकून घे, दुरुस्त नंतर कर. मी तेही बाजूला ठेवलं.

दोन दिवसांनी डबा आला होता. आई डोळे तपासायला बाबांबरोबर पनवेलला गेली होती. मी डब्यातली भाजी आमच्या भांड्यात काढली, डबा घासला, पुसला आणि वर घेऊन गेले. त्यात काही घालायचं नाही हे मी मुद्दाम ठरवलं होतं. काही घातलं तर कोणीतरी आहे हे मान्य केल्यासारखं होईल असं वाटलं. रिकामा ठेवायचा, उद्या तो तिथेच दिसेल, आईचा हात धरून तिला दाखवायचा — हा माझा प्रयोग होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्या आल्या वर गेले. डबा नव्हता. वॉचमन म्हणाला, तो वर जातच नाही. झाडूवाली फक्त दुसऱ्या मजल्यापर्यंत येते.

आठवडा गेला, डबा आला नाही. आई दुपारी दार उघडं ठेवून बसायची. शेवटी तिने विचारलं, त्या दिवशी तू डबा दिलास ना, काय घातलंस त्यात?

मी खरं सांगितलं. कुलूप, मीटर, कुवेत, सगळं. फार शांतपणे, पुस्तकात असतं तसं. आईने ते सगळं ऐकलं की नाही मला माहीत नाही.

"रिकामा दिलास?" ती म्हणाली. बास, एवढंच.

त्या रात्रीपासून आमच्या घरातल्या जेवणाची चव गेली. मी हे अलंकारिक बोलत नाहीये. आमटीत मीठ लागेना. आईने परत घातलं, तरी लागेना. बाबांनी ताटात वरून घेतलं, तरी नाही. मीठ जिभेवर ठेवलं की खारट लागायचं, पण अन्नात गेलं की नाहीसं. मला वाटलं आमच्या तिघांच्या मनाचा खेळ आहे. म्हणून एका रविवारी मी काळे काकूंकडे वाटीभर आमटी घेऊन गेले, काही न सांगता. काकूंनी चमचाभर तोंडात घातली आणि संकोचून म्हणाल्या, "अगं, आई मीठ विसरली का?" मी स्वतः दोन चमचे घातलं होतं.

पण मिठापेक्षा मला काळजी होती ती आईची. आधीपेक्षा वाईट झालं. ती जेवेना. खिडकीशीही बसेना, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाबांनी एकदा चिडून विचारलं की असं काय झालंय, घरात सगळं आहे ना? ती म्हणाली, "सगळं हाय. मानूस नाय." बाबा चपला घालून यार्डात गेले. ते मला म्हणाले नाहीत, पण आईला या घरात कोणासाठी आणलं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. गावी परत नेऊ म्हटलं तर आई नको म्हणायची. माझी परीक्षा तोंडावर होती.

मग मी वाल आणले.

मी कधी स्वयंपाक केला नव्हता. 'तू अभ्यास कर' म्हणून मला ओट्याजवळ येऊच दिलं नव्हतं. वाल भिजवले, आमच्या जुन्या पंच्यात बांधून ठेवले. दुसऱ्या दिवशी मोड आले. सोलायला बसले तर बोटं सुरकुतली, अर्धे दाणे फुटले. तेव्हा आई उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि सोलू लागली. कशासाठी चाललंय ते तिने विचारलं नाही. फोडणी कशी द्यायची तेवढं सांगितलं. मीठ मी घातलं. आमचा, बाबांचं नाव असलेला डबा घेतला.

दुपारचे चार वाजले असतील. तिसऱ्या मजल्यावर ऊन नव्हतं, पण त्या फ्लॅटच्या आत असणार, पश्चिमेला बाल्कनी आहे. कारण बंद दाराच्या पीपहोलमधून उजेडाचा एक पिवळा ठिपका दिसत होता. मी डबा उंबऱ्याशी ठेवला. बेल वाजणार नव्हती, म्हणून नुसती उभी राहिले. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. मला माझीच लाज वाटत होती, बंद दाराशी बोलायची... मी म्हटलं, "काकू, मागच्या वेळी माझी चूक झाली. आईला माहीत नव्हतं. डबा रिकामा मी ठेवला."

काही झालं नाही. लांबून गाडीचा हॉर्न आला. मग पीपहोलमधला उजेडाचा ठिपका विझला.

ढग आला असेल असं मला म्हणायचं आहे. पण जिन्याच्या जाळीतून पलीकडच्या शेतावर ऊन तसंच पडलेलं दिसत होतं. दाराच्या आत, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, कोणीतरी उजेडाच्या आड आलं होतं. आम्हा दोघींत एक दार होतं. मी किती वेळ उभी होते सांगता येत नाही. पळावंसं वाटलं. आणि हे विचित्र आहे, पण त्या भीतीत मला एक गोष्ट स्पष्ट जाणवली. ती रागावलेली नव्हती. ती बघत होती, जशी आई समोरच्या सळ्यांकडे बघायची तशी. मग ठिपका परत उजळला. मी जिना उतरले तो मोजून एकेक पायरी, पळाले नाही. पळणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा डबा आमच्या दाराशी होता. आईने उघडला. तळाला मूठभर खडे मीठ होतं, मिठागरातलं असतं तसं करडं. आई ते बघून आधी हसली, मग रडली. संध्याकाळी तिने आमटी केली. बाबा पहिला घास घेऊन थांबले, म्हणाले, "आज खारट झाली जरा." आम्ही तिघं ती खारट आमटी शेवटपर्यंत जेवलो.

त्यानंतर डबा कधी आला नाही. पण आई पुन्हा झोपून राहिली नाही. तिने जिन्यात बसणं सोडलं नाही. पुढे बिल्डिंग भरत गेली. पहिल्या मजल्यावर एक लेकुरवाळी आली, चौथ्यावर एक शिक्षक. आई पायरीवर भाजी निवडत बसलेली असायची, त्यामुळे येणारा प्रत्येक जण तिच्याशी बोलूनच पुढे जायचा.

२०१५ च्या दिवाळीच्या सुट्टीत ३०४चे मालक आले. उरणकडचं मुसलमान कुटुंब, कुवेतहून कायमचं परत आलेलं. दुसऱ्याच दिवशी त्या घरातल्या चाची खाली आल्या. हातात स्टीलचा डबा, झाकण लावलेला, कोरा. म्हणाल्या, "ताई, ये डब्बा आपका है क्या? मतलब... तुमचाच आहे का? किचनच्या ओट्यावर होता. आम्ही तर सामान आणलंच नव्हतं." मी विचारलं, कुलूप कोणी उघडलं होतं का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. कुलूप तोडावं लागलं, किल्ली फिरलीच नाही. आणि घरात धूळ अशी, की पावलं उमटत होती. "डब्यावर मात्र नव्हती," त्या म्हणाल्या. "म्हणून विचारायला आले."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "आमचाच हाय." मग त्यांना आत बोलावलं, चहा केला, नाव विचारलं. पहिल्याच दिवशी.

त्या आठवड्यात आई तो डबा घेऊन माझ्याबरोबर पनवेलच्या बाजारात आली. भांड्यांच्या दुकानात नाव कोरायचं छोटं मशीन असतं. तो माणूस म्हणाला, बोला ताई, काय नाव टाकू? आई कोऱ्या झाकणावरून बोट फिरवत राहिली. मागे दोन गिऱ्हाईकं होती, तो घाई करत होता. मला वाटलं बाबांचं नाव सांगेल.

"शेजारीन टाका," ती म्हणाली.

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग 'शेजारीण' असं कोरून दिलं.

मी आता एम.ए. करतेय. या सगळ्याला काय म्हणायचं हे मला आजही ठरवता आलेलं नाही. एकाकीपणाबद्दल मी बरंच वाचलंय. आईचं आजारपण मला समजावून सांगता येईल, तिचं बरं होणंही कदाचित सांगता येईल. कुलपावरची धूळ, काळे काकूंना न लागलेलं मीठ आणि विझलेला तो ठिपका मला सांगता येत नाही. ती कोण होती, आमच्याआधी तिथे काय होतं, हे मी वॉचमनला, गावातल्या म्हाताऱ्यांना, सगळ्यांना विचारून झालं. भातशेत होतं म्हणतात, बाकी काही नाही. तिला कोणाचा शेजार हवा होता की आईची हाक तिच्यापर्यंत गेली होती, तेही मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर सांगा.

डबा आमच्या मांडणीवर वरच्या फळीत असतो. त्यात आम्ही मीठ ठेवतो. संपत आलं की आई आधीच भरून ठेवते, तो रिकामा होऊ देत नाही.